मांजरेचे दोन तीर आणि माझे संशोधन

समाजातील कोणत्याही लग्नसमारंभात किंवा कौटुंबिक मेळाव्यात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तू अजून शिकतेसच का?" मी होकार दिला की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "मग डॉक्टर झाल्यावर दवाखाना कुठे टाकणार?" पीएच.डी. पूर्ण झाल्यावर नावाआधी 'डॉक्टर' लागेल हे खरे. परंतु मी नाडी पाहणार नाही, औषध लिहून देणार नाही आणि दवाखानाही टाकणार नाही, असे सांगितले की विचारणाऱ्या काकूंच्या चेहऱ्यावर थोडी निराशा उमटते. त्या निराशेत काही गैर नाही. व्यापारी घराण्यात वाढलेल्या प्रत्येकाला एवढे तरी कळते की पाच-सहा वर्षे भांडवल गुंतवायचे, तर शेवटी हाती काय येणार हे आधी विचारले पाहिजे. या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहे.

माझे संशोधन कर्करोगाविषयी आहे आणि त्या शाखेला 'ट्रान्सलेशनल रिसर्च' असे म्हणतात. प्रयोगशाळेत जे ज्ञान निर्माण होते ते रुग्णाच्या उपयोगी पडेल अशा स्वरूपात आणणे, आणि रुग्णाच्या शरीरात जे दिसते त्यावरून प्रयोगशाळेला नवे प्रश्न विचारणे, असा हा दुहेरी व्यवहार आहे. कारखान्यात माल तयार होतो आणि बाजारात गिऱ्हाईक ताटकळत असते. मधला रस्ताच नसेल तर दोघांचाही काही उपयोग नाही. तो मधला रस्ता बांधण्याची विद्या म्हणजे माझा विषय. या रस्त्याची गरज मला पुस्तकातून समजली नाही. ती केजमध्ये, आमच्या दुकानाच्या ओट्यावर समजली.

आमचे घराणे तीन पिढ्यांपासून केजमध्ये किराणा व भुसार मालाचा व्यापार करते. तालुक्यातील अनेक गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, गावातली उधारी चुकती करायची, सहा महिन्यांचे तिखट-मीठ बांधून घ्यायचे आणि बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने फडाकडे जायचे, हा दर वर्षीचा क्रम. त्या दिवसांत दुकानात स्त्रियांची गर्दी असे. शाळेतून आल्यावर मी गल्ल्याजवळ बसून वहीत नोंदी करीत असे, तेव्हा त्यांचे बोलणे कानावर पडे. "हिची पिशवी काढली", "तिची औंदा काढायची आहे", हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले होते की कान टोचण्यासारखीच ती एक रीत असावी, असे मला लहानपणी वाटे. पिशवी म्हणजे गर्भाशय, हे मला फार उशिरा कळले.

पुढे २०१९ मध्ये हा विषय महाराष्ट्रभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली असल्याचे समोर आले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. कारणे अनेक होती. पाळीच्या दिवसांत कामाचा खाडा झाला तर दंड भरावा लागे. फडावर पाणी, शौचालय, आडोसा यांपैकी काहीही नसे. त्याखेरीज वारंवार सांगितले गेलेले एक कारण होते ते भीतीचे. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, असे सांगत स्त्री दवाखान्यात गेली की "पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल" असे तिला बजावले जाई. कुठलीही नीट तपासणी न होता केवळ एका शब्दाच्या धाकाने तिशीच्या आतबाहेरच्या स्त्रिया शस्त्रक्रियेला तयार होत, आणि त्यासाठी काढलेले कर्ज पुढच्या हंगामात ऊस तोडून फेडीत.

आमच्या घरी याच्या अगदी उलट घडले. माझ्या भुआजींना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीला, पाळी थांबल्यानंतरही रक्तस्राव होऊ लागला. त्यांनी हे दीड वर्ष कोणालाही सांगितले नाही. घरात पैशाची अडचण नव्हती, वाहन होते, अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर होते. नव्हता तो फक्त बोलण्याचा प्रघात. सांगितले तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग शेजारच्या अवयवांपर्यंत पसरला होता. मी बारावीत असताना त्या गेल्या. गरिबाघरी भीतीमुळे नको ती शस्त्रक्रिया होत होती आणि सुस्थितीतल्या घरी संकोचामुळे हवी ती तपासणी होत नव्हती. दोन्हीकडे उणीव एकच होती: जे जगाला ठाऊक झाले होते ते आमच्या गावापर्यंत पोहोचले नव्हते.

ते किती जवळ येऊन थांबले होते, हे मला छत्रपती संभाजीनगर येथे एम.एस्सी. करताना उमगले. कर्करोगाच्या तपासणीविषयी वाचताना 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकातील एप्रिल २००९ चा एक शोधनिबंध हाती आला. जगभरच्या ग्रंथांत ज्याचा उल्लेख होतो असा तो निबंध, आणि त्यात जिल्ह्याचे नाव होते उस्मानाबाद. केजहून निघून मांजरा ओलांडली की कळंब तालुका लागतो, म्हणजेच उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा. आमच्या दुकानाचे निम्मे गिऱ्हाईक एकेकाळी त्या बाजूने येत असे. तासाभराच्या आत पोहोचावे एवढ्या अंतरावर जागतिक वैद्यकशास्त्राची दिशा बदलणारे काम झाले होते आणि आमच्या गावात त्याचा मागमूसही नव्हता.

त्या कामाची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने १९८७ मध्ये ग्रामीण भागातील देशातली पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावागावांत जाऊन कार्यकर्ते कर्करोगाचे रुग्ण नोंदवीत. नोंदी करताना ते गावकऱ्यांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत. काही वर्षांनी डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भ. म. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोंदवहीतच एक सुखद बदल दिसला: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले होते. नवे यंत्र आले नव्हते, नवे औषध आले नव्हते. नुसते बोलल्याने हा फरक पडला होता.

त्याच अनुभवाच्या बळावर १९९९ मध्ये बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ या वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि चार गट. तीन गटांना वेगवेगळ्या पद्धतीची तपासणी, तीही आयुष्यात फक्त एकदा. चौथ्या गटाला माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षे पाठपुरावा झाला. मानवी पॅपिलोमा विषाणूची, म्हणजे 'एचपीव्ही'ची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांमध्ये या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४. इतर दोन पद्धतींत असा स्पष्ट फरक दिसला नाही. एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे जगात प्रथमच इतक्या ठामपणे सिद्ध झाले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच चाचणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यांत आपल्या शेजारच्या खेड्यांतील स्त्रियांचा मोठा वाटा आहे.

आता दोन साले शेजारी ठेवून पाहावीत. २००९ मध्ये मांजरेच्या त्या तीरावर सिद्ध झाले की एका चाचणीने धोका ओळखता येतो आणि बहुतेक वेळा गर्भाशय न काढता, गावातल्या शिबिरातही होऊ शकेल अशा उपचाराने तो टाळता येतो. २०१९ मध्ये या तीरावर १३,८६१ स्त्रियांची नोंद झाली, ज्यांची पिशवी काढली गेली होती. दहा वर्षांत त्या ज्ञानाला एक नदी ओलांडता आली नाही. हे ज्या दिवशी माझ्या ध्यानात आले, त्या दिवशी मी काय करायचे ते ठरले.

ठरले ते माझ्या मनात. घरी ठरायचे होते. राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन मला संशोधन शिष्यवृत्ती मिळाली आणि मुंबईजवळच्या एका संस्थेत निवड झाली, तेव्हा प्रवेशासाठी तीन आठवड्यांची मुदत होती. त्याच सुमारास लातूरच्या एका चांगल्या घराण्यातून स्थळ आले होते. मंडळी सज्जन होती, मुलगा सनदी लेखापाल होता. पीएच.डी.ला निदान पाच वर्षे लागतील, हे ऐकून त्यांनी मोकळेपणाने सांगितले की एवढे थांबणे त्यांना शक्य नाही. आमच्याही घरात मतभेद झाले. काकांचे म्हणणे होते की नोकरीची हमी नसताना चोविसाव्या वर्षी मुलीला आणखी शिकवणे शहाणपणाचे नाही. त्यांचे म्हणणे चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. संशोधनात हमी नसतेच.

निर्णय दादाजींवर आला. दादाजींचे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु तोंडी हिशेबात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. मी त्यांच्यासमोर उस्मानाबादच्या अभ्यासाचे आकडे मराठीत लिहून ठेवले. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "चौतीसचा गट मोठा आहे, चौसष्टचा लहान. म्हणजे फरक दिसतो त्याहून जास्त आहे." संख्याशास्त्राच्या वर्गात जे समजावून द्यायला प्राध्यापकांना अर्धा तास लागला होता, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. मग त्यांनी विचारले, "हा हिशेब मांडायला किती वर्षे लागली?" मी म्हणाले, "दहा." ते बराच वेळ गप्प राहिले. शेवटी म्हणाले, "सरलेला जमाखर्च काढायला दहा वर्षे लागतात, तर तू पाच मागतेस ती जास्त नाहीत. आमची लेक त्या चौसष्टांसारखीच गेली. जा." लातूरच्या मंडळींना वडिलांनी स्वतः जाऊन नम्रपणे नकार कळवला. ते स्थळ गेले, याची हळहळ आईला बरेच दिवस होती.

आईची दुसरी एक चिंता होती आणि ती आपल्या समाजातील अनेक घरांत असेल, म्हणून स्पष्ट लिहिते. तिने विचारले, "तिथे उंदीर मारावे लागतात का?" या प्रश्नाला बगल देणे मला योग्य वाटले नाही. कर्करोगाच्या अनेक औषधांची परीक्षा माणसावर होण्याआधी उंदरांवर होते, हे सत्य आहे. त्यासाठी शासनमान्य समितीची परवानगी लागते आणि शक्य तेथे प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या कमी करणे आणि त्यांच्या वेदना कमी करणे ही तीन तत्त्वे जगभर मानली जातात. १९५९ मध्ये दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी ती मांडली. अलीकडे मानवी पेशींपासून वाढवलेल्या सूक्ष्म ऊतींवर औषधे तपासता येऊ लागली आहेत, आणि २०२३ मध्ये आपल्या देशाच्या औषध-चाचणी नियमांतही अशा पर्यायी पद्धतींना स्थान मिळाले. माझा स्वतःचा विषय मानवी नमुन्यांवरचा आहे. त्यात प्राणी लागत नाहीत, आणि विषय निवडताना मी हा विचार केला होता. परंतु ज्या औषधांनी उद्या आपलाच कोणी नातलग बरा होईल, त्यांच्या मागे तो प्रश्न उभा आहेच. आईने सगळे ऐकले आणि एवढेच म्हणाली, "मग पर्याय शोधणाऱ्यांत आपली मुले असली पाहिजेत." मला वाटते, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

आता माझे काम नेमके काय, ते सांगते. एचपीव्ही हा विषाणू फार सर्रास आढळतो. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये तो टिकून राहतो आणि त्यांतल्या काहींना पुढे पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. म्हणजे चाचणीत विषाणू सापडला तरी ती स्त्री रुग्ण असतेच असे नाही. मग पुढच्या उपचारासाठी कोणाला बोलवायचे आणि कोणाला निर्धास्त करून घरी पाठवायचे? पेशीतील डीएनएवर काही रासायनिक खुणा उमटतात. धोका वाढला की त्या खुणा बदलतात. स्त्रीने स्वतः घरच्या घरी घेतलेल्या नमुन्यातही त्या खुणा विश्वासाने वाचता येतील का, हा माझा प्रश्न आहे. उत्तर होकारार्थी आले, तर ज्या स्त्रिया संकोचामुळे तपासणीच्या टेबलावर जात नाहीत, त्यांनाही आपला धोका वाढला आहे की नाही, हे दवाखान्यात न जाता कळू शकेल. भुआजींसारख्या कितीतरी स्त्रिया मला या प्रश्नामागे दिसतात.

बाहेरून प्रयोगशाळा झगमगीत दिसते. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग चिमुकल्या नळ्यांवर नावे लिहिण्यात, उणे ८० अंशांच्या शीतकपाटात नमुने लावण्यात आणि वहीत नोंदी करण्यात जातो. पहिल्या उन्हाळ्यात मराठवाड्यातून आलेल्या नमुन्यांचा एक मोठा हप्ता वाटेतल्या उकाड्याने वाया गेला. सहा महिन्यांचे श्रम त्यात गेले. मार्गदर्शक म्हणाले, "तुला उत्तर मिळाले नाही, पण प्रश्न मिळाला. चाळीस अंशांत जो नमुना टिकत नाही, तो केजच्या कामाचा नाही." तेव्हापासून नमुना कागदी कार्डावर वाळवून पाठवण्याच्या पद्धतीवर आम्ही काम करीत आहोत. परदेशातील प्रयोगशाळेला हा प्रश्न कदाचित पडलाच नसता. वातानुकूलित खोलीत बरोबर ठरलेली गोष्ट एसटीच्या टपावर बरोबर ठरते की नाही, हे पाहणे म्हणजेच ट्रान्सलेशनल संशोधन.

नमुने देणाऱ्या स्त्रियांची संमती घेण्याचे कामही माझ्याकडे असते. नैतिकता समितीने मान्य केलेले मराठी संमतिपत्र वाचून दाखवायचे, समजले का ते विचारायचे, मग सही किंवा अंगठा. तपासणीत काही आढळले तर त्या स्त्रीला उपचारापर्यंत पोहोचवणे आमच्यावर बंधनकारक आहे. एकदा एका ऊसतोड बाईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पण बाई, तुमचं हे पुस्तक मला कवा कामाला येणार?" मी खरे ते सांगितले. तिच्या चाचणीचा निकाल तिला मिळेल. पण माझ्या संशोधनाचा उपयोग झालाच तर तो तिच्या मुलीच्या पिढीला होईल. तिने क्षणभर विचार केला आणि अंगठा पुढे केला. "मुलीला व्हईल ना, मग झालं."

त्या अंगठ्याचे मोल मला सतत जाणवते. उस्मानाबादच्या अभ्यासात चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना गावात तपासणी मिळाली नव्हती; त्यांच्याशी तुलना केली म्हणून तर बाकीचे सिद्ध झाले. असा गट ठेवणे कितपत योग्य, यावर पुढे वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले, आणि तो वाद रास्त आहे. मला मात्र त्यातून एक कर्तव्य दिसते. ज्यांच्या मृत्यूंच्या नोंदीवर जगाचे ज्ञान उभे राहिले, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ते ज्ञान अजून पोहोचत नसेल, तर ते देणे बाकी आहे. व्यापारी माणसाला देणे बाकी असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

असे देणे फेडणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली आहेत. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्या काळी विवाहित मराठी स्त्रीने कर्करोगावर संशोधन करावे हीच नवलाई होती. अमेरिकेत जाऊन त्यांनी पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचे तंत्र शिकून घेतले, आणि तिथेच न राहता मुंबईला परत येऊन ते येथे रुजवले. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय स्त्री वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्या ज्या संस्थेत वाढल्या, तिचेच आजचे रूप खारघरला आहे आणि तेथे देशभरातील मुलेमुली कर्करोगावर पीएच.डी. करतात.

हे काम नेहमी महागडेच असते असेही नाही. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि देशातील अकरा केंद्रांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठीच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेनचे, म्हणजे दात काढताना वापरतात त्या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन देऊन पाहिले. सुमारे १,६०० स्त्रियांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा वर्षांनंतर इंजेक्शन न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या, तर दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के. औषधाची किंमत किरकोळ. दादाजींना मी हे सांगितले तेव्हा ते मनापासून हसले आणि म्हणाले, "हा माल आपल्या दुकानात ठेवण्यासारखा आहे." दुसऱ्या टोकाला, मुंबईच्या आयआयटीत जन्मलेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेली, रुग्णाच्याच रक्तपेशींना शिकवून तयार केलेली रक्ताच्या कर्करोगावरची उपचारपद्धतीही आज आपल्या देशात उपलब्ध आहे. परदेशातील अशा उपचाराच्या मानाने तिचा खर्च कितीतरी कमी आहे. दोन्ही कामांमागे वर्षानुवर्षे नळ्यांवर नावे लिहिणारे विद्यार्थी आहेत.

ज्या घरांत अशी आवड असलेली मुले आहेत, त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी. बारावी विज्ञान, मग जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात पदव्युत्तर पदवी, त्यानंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि संस्थेची मुलाखत, हा साधारण मार्ग. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून विज्ञान संपले असे नाही. निवड झाल्यावर शिक्षणाचा भार घरावर पडत नाही. २०२३ पासून शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये आहे, शिवाय घरभाड्याचा भत्ता. या पैशांत श्रीमंती येत नाही. पण मुलगी कोणाकडे हात पसरत नाही. घराने द्यायचे ते वेळ आणि धीर. या दोन्ही गोष्टी पैशाहून दुर्मीळ आहेत, हे मात्र खरे.

आणि ज्या घरांत कोणी संशोधक होणार नाही, त्यांच्याकडेही काम आहे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस द्यावी. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेली भारतीय लसही आता मिळते. तिशी उलटलेल्या प्रत्येक स्त्रीने एकदा तरी तपासणीविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पाळी थांबल्यावर रक्तस्राव झाला तर त्याच आठवड्यात सांगावे. आणि कोणी केवळ कर्करोगाची भीती घालून पिशवी काढायला सांगितले, तर आधी तपासणीचा अहवाल मागावा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. आपल्या दुकानांत शेकडो स्त्रिया येतात. वजन-मापाइतक्याच सहजपणे ही दोन वाक्ये त्यांच्यापर्यंत पोहोचवता येतील. बार्शीच्या माणसांनी नुसते बोलून जे साधले, ते आपल्या दुकानांच्या ओट्यांवरूनही साधता येईल.

माझा प्रबंध पूर्ण व्हायला अजून दीड-दोन वर्षे आहेत. त्यातून हाती काय लागेल हे आज सांगता येत नाही. यंदा दिवाळीच्या आधी आमच्या दुकानात आईने एक छोटा फलक लावला आहे. त्यावर वर लिहिलेल्या दोन-तीन सूचना मोठ्या अक्षरांत आहेत आणि खाली तपासणी कोठे होते ते लिहिले आहे. फडावर निघालेल्या बायका तो वाचतात, ज्यांना वाचता येत नाही त्यांना आई वाचून दाखवते, आणि गेल्या महिन्यात दोघीजणी तपासणीला जाऊन आल्या.